ॲब्स्ट्रॅक्टला मथळे कशासाठी? गाइड सर सलग परिच्छेद म्हणतात, जर्नल चार भाग मागतंय

पीएसएम_निवासी

नमस्कार. मी पीएसएमची, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राची, तिसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर. उत्तर महाराष्ट्रातल्या आश्रमशाळांमधल्या किशोरवयीन मुलींचा रक्तक्षय हा माझ्या थीसिसचा विषय. थीसिस जमा झाला, त्यावरून पेपर तयार करून एका जर्नलला पाठवला, तर तो रिव्ह्यूअरपर्यंत न जाताच परत आला. शेरा एका ओळीचा: ॲब्स्ट्रॅक्ट (पेपरच्या सुरुवातीचा सारांश) स्ट्रक्चर्ड, म्हणजे मथळे देऊन लिहिलेला, हवा, जास्तीत जास्त २५० शब्द.

मी सलग परिच्छेदात लिहिला होता, कारण गाइड सरांना तसाच आवडतो. त्यांचं म्हणणं, ॲब्स्ट्रॅक्ट ही पेपरची ओळख असते, ती वाचून माणसाला पुढे वाचावंसं वाटलं पाहिजे. मथळे टाकले की फॉर्म भरल्यासारखं दिसतं. सरांचे जुने पेपर तसेच लिहिलेले आहेत आणि वाचायला खरंच छान वाटतात, म्हणून त्यांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही.

आता मी त्याच मजकुराचे चार तुकडे केलेत. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते:

बॅकग्राउंड: रक्तक्षय ही भारतातील किशोरवयीन मुलींची महत्त्वाची आरोग्यसमस्या आहे. विकसनशील देशांत तिचे प्रमाण अधिक आहे. आश्रमशाळांतील मुलींबाबत पुरेशी माहिती उपलब्ध नाही.

मेथड्स: आश्रमशाळांतील मुलींचा क्रॉस-सेक्शनल अभ्यास केला. हिमोग्लोबिन तपासले व प्रश्नावली भरून घेतली. योग्य त्या संख्याशास्त्रीय चाचण्या वापरल्या.

रिझल्ट्स: रक्तक्षयाचे प्रमाण लक्षणीय आढळले. आहार, पाळीतील रक्तस्राव व जंताच्या गोळ्या यांच्याशी संबंध दिसून आला.

कन्क्लुजन: किशोरवयीन मुलींमध्ये रक्तक्षय मोठ्या प्रमाणावर आहे. लोहाच्या गोळ्या व आरोग्यशिक्षण यांवर भर देणे गरजेचे आहे.

हे पुरेसं आहे का? मथळे म्हणजे नुसती औपचारिकता की त्यामागे काही विचार आहे? आणि सरांना काय सांगू?

भौतिकीवाला

आमच्याकडे मथळे नसतात. फिजिकल रिव्ह्यू लेटर्सचा ॲब्स्ट्रॅक्ट स्पेस धरून ६०० अक्षरांत बसवावा लागतो, त्यात मथळ्यांना जागा कुठली? नेचरमध्येही सुरुवातीला एक सलग परिच्छेदच असतो. आमचा पेपर बहुतेक वेळा एका युक्तिवादावर उभा असतो: अमुक गोष्ट समजत नव्हती, आम्ही असं पाहिलं, त्यावरून तसं निघतं. मधे मथळे आले तर ती साखळी तुटते. त्यामुळे तुमच्या सरांचं म्हणणं मला पटतं.

पण एक सांगतो. वडिलांच्या आजारपणात रात्री पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर, बसून मी औषधांबद्दल वाचायचो. तिथे मथळे होते म्हणून निभावलं. मेथड्समधलं निम्मं कळत नव्हतं, तरी ‘किती पेशंटवर’ आणि ‘काय निघालं’ या दोन जागा लगेच सापडायच्या. सलग परिच्छेद असता तर मी नक्की हरवलो असतो. डॉक्टरांच्या पेपरला आमच्या पेपरपेक्षा वेगळा वाचक असतो, एवढं मला त्या वेळी कळलं.

निवृत्त_ग्रंथपाल

डॉक्टर, फॉर्म भरल्यासारखं दिसतं हे तुमच्या सरांचं निरीक्षण बरोबर आहे. मथळे आणणाऱ्यांना तेच तर हवं होतं. फॉर्ममधला रकाना रिकामा राहिला की लगेच नजरेत भरतो. सलग परिच्छेदात सांगायचं राहून गेलेलं चांगल्या वाक्यांखाली झाकलं जातं, आणि ते राहिलंय हे ओळखायला वाचणारा त्या विषयात मुरलेला लागतो.

मी विदर्भातल्या एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीची सगळी वर्षं काढली, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. सुरुवातीला आमच्याकडे इंडेक्स मेडिकस या वैद्यकीय लेखांच्या छापील सूचीचे जाडजूड अंक यायचे. त्यात लेखक, शीर्षक, जर्नल, पान क्रमांक. ॲब्स्ट्रॅक्ट नाहीच. तालुक्याच्या रुग्णालयातले डॉक्टर सुट्टीच्या दिवशी यायचे आणि बारीक टायपातल्या शीर्षकांवर बोट फिरवत बसायचे. एखादं कामाचं वाटलं तर लेखकाला रिप्रिंटसाठी कार्ड टाकायचं, नाहीतर दिल्लीच्या नॅशनल मेडिकल लायब्ररीतून झेरॉक्स मागवायची आणि वाट बघायची. पुढे मेडलाइनच्या, म्हणजे अशाच सूचीच्या संगणकावरच्या रूपाच्या, सीडी आल्या, शीर्षकाखाली ॲब्स्ट्रॅक्ट दिसू लागले. तरी अडचण संपली नाही. कितीतरी ॲब्स्ट्रॅक्ट ‘या निरीक्षणांच्या महत्त्वाची चर्चा केली आहे’ अशा वाक्यावर संपायचे. निरीक्षणं काय, ते पेपरात, आणि पेपर दिल्लीत. शिवाय लांब ॲब्स्ट्रॅक्ट २५० शब्दांवर तोडलेला असायचा, तशी सूचना खाली ठळक छापलेली. तुटायचा तो शेवटचा भाग, म्हणजे नेमकं काय आढळलं आणि त्यावरून काय म्हणायचं, तोच.

१९८७ मध्ये ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या जर्नलमध्ये एका गटाचा प्रस्ताव छापून आला. कॅनडात हॅमिल्टनला मॅकमास्टर विद्यापीठ आहे, तिथले ब्रायन हेन्स त्या कामात पुढे होते, आणि ॲनल्सचे तेव्हाचे संपादक एडवर्ड हुथ यांनी ते उचलून धरलं. मॅकमास्टरची मंडळी त्याआधीपासून डॉक्टरांना पेपर कसा पारखायचा ते शिकवत होती. पारखताना जे प्रश्न विचारायचे तेच त्यांनी ॲब्स्ट्रॅक्टचे मथळे केले: उद्देश काय, अभ्यास कोणत्या प्रकारचा, कुठे झाला, कोणावर झाला, काय उपचार दिले, काय मोजलं आणि काय निघालं, त्यावरून काय म्हणता येतं. यातला ‘कुठे झाला’ हा मथळा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. टोरांटोच्या मोठ्या रुग्णालयातलं औषध आणि धारणीच्या ग्रामीण रुग्णालयातलं औषध एकच असेल, पण पेशंट दारात येतो तेव्हाची त्याची अवस्था एक नसते.

पुढे बीएमजे आणि जामा या वैद्यकीय जर्नल्सनीही ही पद्धत घेतली. आज वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, जिला सगळे आयसीएमजेई म्हणतात, मूळ संशोधन, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) आणि मेटा-ॲनालिसिस (अनेक अभ्यासांच्या आकड्यांचा एकत्रित हिशेब) या तिन्हींना स्ट्रक्चर्ड ॲब्स्ट्रॅक्ट मागते. म्हणजे तुमचा पेपर परत पाठवणाऱ्यांची ही लहर नव्हे. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स हार्टली यांनी तर या एकाच विषयावर वर्षानुवर्षं काम केलं. २००४ मध्ये त्यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला: असे ॲब्स्ट्रॅक्ट लांबतात खरे, पण त्यांत माहिती जास्त येते, वाचायला आणि शोधायला सोपे जातात आणि वाचकांनाही तेच बरे वाटतात.

आता सरांना दाखवण्यासारखा एक नमुना सांगते. तो आपल्याच मातीतला आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेत डॉ. अभय आणि राणी बंग व सहकाऱ्यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्याचा पेपर १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. लॅन्सेटचे मथळे तेव्हा चार: बॅकग्राउंड, मेथड्स, फाइंडिंग्ज, इंटरप्रिटेशन. हा ॲब्स्ट्रॅक्ट मी कितीतरी निवासी डॉक्टरांना समोर बसवून वाचायला लावला आहे.

बॅकग्राउंडमध्ये दोन वाक्यं. रुग्णालयं दूर आणि महाग म्हणून विकसनशील देशांत बहुतेक नवजात बाळांना उपचार मिळत नाहीत, हे पहिलं. दुसऱ्यात आम्ही काय तयार केलं ते, आणि त्यातच गृहीतक आकड्यासकट: तीन वर्षांत नवजात मृत्युदर किमान २५ टक्क्यांनी उतरेल. आधी शर्त लावली आणि मग निकाल सांगितला, हे वाचणाऱ्याला इथेच कळतं.

मेथड्समध्ये ३९ गावं प्रयोगाची, ४७ तुलनेची. १९९३ ते ९५ नुसती नोंद, १९९५ ते ९८ प्रत्यक्ष काळजी. कोणी घेतली? प्रशिक्षण दिलेल्या गावातल्याच आरोग्यसेविकांनी. जन्म-मृत्यूची नोंद कोणी केली? दुसऱ्या कार्यकर्त्यांनी. हे शेवटचं वाक्य विसरू नका. काम करणाऱ्यांनी स्वतःच स्वतःच्या कामाचे आकडे लिहिले नाहीत, ही गोष्ट ॲब्स्ट्रॅक्टमध्येच आली आहे. गावं ‘निवडली’ असा शब्द आहे, चिठ्ठ्या टाकून वाटली असं म्हटलेलं नाही; म्हणजे अभ्यासाची मर्यादाही पारखी वाचकाला इथेच दिसते.

फाइंडिंग्जमध्ये सुरुवातीचा नवजात मृत्युदर दोन्हीकडचा: हजार जिवंत जन्मांमागे ६२ आणि ५८. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतल्या ९३ टक्के बाळांपर्यंत ही काळजी पोचली आणि तिथला दर २५.५ वर आला. तुलनेच्या गावांचा हिशेब धरून घट ६२.२ टक्के. जंतुदोष झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर. दर बाळामागे खर्च ५.३ डॉलर. आणि काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. मेळघाटातल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या हातात फक्त हे एक पान पडलं, तरी आपल्याकडे हे करायला किती बायका लागतील आणि किती पैसे, याचा अंदाज तो बांधू शकतो.

इंटरप्रिटेशनमध्ये दावा त्याच कुपोषित, निरक्षर, ग्रामीण लोकसंख्येपुरता, ‘आमच्या अभ्यासातल्या’ अशी कड घालून. आणि विकसनशील देशांबद्दलचं वाक्य ‘कमी करू शकेल’ असं आहे, ‘करेल’ असं नाही. २०११ मध्ये भारत सरकारने आशांमार्फत घरोघरी नवजात काळजी सुरू केली, तिच्यामागचा एक मोठा आधार हे काम होतं.

हा ॲब्स्ट्रॅक्ट फॉर्मसारखाच आहे, डॉक्टर, पण त्याचा एकही रकाना रिकामा नाही.

आता तुमचा. तुम्ही मथळे दिलेत, मात्र प्रत्येक मथळा जे विचारतोय त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. बॅकग्राउंडची पहिली दोन वाक्यं कुठल्याही देशातल्या कुठल्याही रक्तक्षयाच्या पेपराला चालतील, ती काढा. त्याऐवजी एनएफएचएस-५, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला, १५ ते १९ वयाच्या मुलींचा देशाचा आकडा, ५९.१ टक्के, एका वाक्यात घ्या आणि लगेच तुमचा उद्देश लिहा. तो सध्या कुठेच नाही.

मेथड्समध्ये: किती शाळा, कशा निवडल्या, कोणत्या वयाच्या मुली, कोणते महिने. हिमोग्लोबिन कोणत्या पद्धतीने तपासलं. रक्तक्षय कशाला म्हटलं? जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १२ वर्षांपासून पुढच्या मुलींना दर डेसिलिटर रक्तामागे १२ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, पाच ते अकराला ११.५. आश्रमशाळेत पाचवी-सहावीच्या मुली असणारच. त्यांना कोणती मर्यादा लावली यावर तुमची टक्केवारी बदलते. ‘योग्य त्या संख्याशास्त्रीय चाचण्या’ हे वाक्य पूर्ण काढा. अयोग्य चाचण्या वापरल्या असं आजवर कोणी लिहिलेलं नाही.

रिझल्ट्समध्ये एकही आकडा नाही. हे मला सगळ्यांत जास्त लागलं, कारण एवढ्या मुलींची बोटं टोचून तुम्ही जे मिळवलं तेच त्यात नाही. किती मुलींपैकी किती, टक्के किती, सौम्य-मध्यम-तीव्र किती. जंताच्या गोळीशी ‘संबंध’ म्हणजे गोळी घेतलेल्यांत रक्तक्षय कमी की जास्त?

आणि कन्क्लुजनमध्ये ‘लोहाच्या गोळ्यांवर भर’. शाळांमध्ये दर आठवड्याला लोहाची निळी गोळी द्यायचा कार्यक्रम तर आधीपासून आहे. तुमच्या प्रश्नावलीत ती मिळते का, मुली ती गिळतात का, हे विचारलं असेल तर तो तुमचा खरा शोध आहे आणि तो वर रिझल्ट्समध्ये यायला हवा. विचारलं नसेल तर गोळ्यांची शिफारस तुमच्या अभ्यासातून निघत नाही.

व्यवस्थापन_पीएचडी

हे आता फक्त वैद्यकात राहिलेलं नाही. एमराल्ड प्रकाशनाने २००५ पासून व्यवस्थापन आणि ग्रंथालयशास्त्राच्या जर्नल्सनाही मथळे लावले: उद्देश, पद्धत, निष्कर्ष, मर्यादा, व्यवहारातला उपयोग, नवीन काय. ‘नवीन काय’ या मथळ्याखाली लिहिताना मला माझा प्रबंधच पुन्हा वाचावा लागला होता. मात्र कायद्याच्या किंवा इतिहासाच्या लेखांना हा साचा लावू नये असं मला वाटतं. तिथे पद्धत आणि निष्कर्ष असे वेगळे काढताच येत नाहीत.

बायोस्टॅट_पुणे

ग्रंथपाल मॅडमनी रिझल्ट्सबद्दल लिहिलंय. त्यात माझी एक भर आणि एक सावधगिरीची सूचना.

भर अशी: टक्केवारीबरोबर ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ती कक्षा) द्या, संबंधासाठी ऑड्स रेशो (दोन गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर) इंटरव्हलसकट. नुसती पी-व्हॅल्यू (खरा संबंध नसतानाही असा निकाल योगायोगाने दिसण्याची शक्यता) देऊन थांबू नका. आणि निरीक्षणात्मक अभ्यासांसाठीचे स्ट्रोब निकष एकदा उघडून बघा. एकूण २२ मुद्दे आहेत, त्यातला पहिलाच शीर्षक आणि ॲब्स्ट्रॅक्टबद्दल: अभ्यासाचा प्रकार सर्वांना कळेल अशा शब्दात लिहा, आणि काय केलं, काय आढळलं याचा माहितीपूर्ण व समतोल सारांश द्या. रँडमाइज्ड ट्रायल (कोणाला कोणता उपचार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणारा प्रयोग) असती तर २००८ चे कॉन्सॉर्टचे ॲब्स्ट्रॅक्टसाठीचे वेगळे निकष लागले असते.

सूचना अशी: मथळे दिल्याने ॲब्स्ट्रॅक्ट खरा होत नाही. रॉय पिटकिन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जामात सहा मोठ्या वैद्यकीय जर्नल्सची तपासणी छापली. ॲब्स्ट्रॅक्टमधला आकडा पेपरातल्या आकड्याशी जुळत नाही किंवा पेपरात सापडतच नाही, असे ॲब्स्ट्रॅक्ट कुठल्या जर्नलमध्ये १८ टक्के होते, तर कुठल्या ६८ टक्के. त्याआधी त्यांनीच लेखकांना नेमक्या लेखी सूचना देऊन काही सुधारतं का हे रँडमाइज्ड पद्धतीने पाहिलं होतं. सुधारलं नाही.

कन्क्लुजनचं त्याहून अवघड. इझाबेल बुत्राँ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ज्यांचा मुख्य निकाल संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता अशा ७२ ट्रायल घेतल्या. ५८.३ टक्के ट्रायलमध्ये ॲब्स्ट्रॅक्टच्या कन्क्लुजनमध्ये गोष्ट वळवून, उपचार फायद्याचा वाटेल अशी मांडलेली होती. ‘कन्क्लुजन’ असा ठळक मथळा असला की घाईतला वाचक थेट तिथेच उडी मारतो, त्यामुळे त्या दोन ओळींची जबाबदारी उलट वाढते. मी थीसिस तपासतो तेव्हा आधी कन्क्लुजन झाकून रिझल्ट्स वाचतो, स्वतःचं कन्क्लुजन एका वाक्यात लिहितो आणि मग विद्यार्थ्याचं उघडतो. दोन्ही जुळली नाहीत तर तिथेच बोलायला बसतो.

पीएसएम_निवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. गडचिरोलीचा ॲब्स्ट्रॅक्ट सरांना प्रिंट काढून दिला. त्यांनी तो वाचला, मग ‘आठवड्याच्या गोळ्यांचा तक्ता कुठे आहे?’ असं विचारून माझा थीसिस मागून घेतला. तो तक्ता आहे! प्रश्नावलीत गोळी मिळते का आणि शेवटची कधी घेतली हे दोन्ही विचारलं होतं. परिशिष्टात टाकलं होतं.

दोन अडचणी उरल्यात. ‘कुठे’ लिहायचं म्हणजे शाळांची नावं लिहायची का? काही शाळा इतक्या लहान आहेत की नाव आलं तर मुली ओळखू येतील. आणि दुसरं, एका मुख्याध्यापक सरांनी मला विचारलं होतं, ‘मॅडम, रक्त घेऊन गेलात, त्याचं पुढे काय झालं?’ त्यांना इंग्रजी ॲब्स्ट्रॅक्ट देऊन उपयोग नाही. त्यांच्यासाठी मराठीत काही लिहायचं तर तेच चार मथळे ठेवू का?

निवृत्त_ग्रंथपाल

परिशिष्टातला तो तक्ता वर आणा. पेपराचा कणा तोच होईल असं मला दिसतंय. सरांनी तो स्वतः मागितला, याचा मला फार आनंद झाला.

शब्दांचा हिशेब असा धरा: बॅकग्राउंड आणि उद्देश मिळून चाळीसच्या आत, मेथड्स सत्तर-ऐंशी, रिझल्ट्स शंभर, कन्क्लुजन तीस. सगळ्यांत मोठा वाटा रिझल्ट्सचा. बॅकग्राउंड त्याहून लांबला की समजायचं, आपण अजून दुसऱ्यांचंच सांगतोय. मथळ्यांची नावं मात्र जर्नलच्या सूचनांमधून जशीच्या तशी घ्या. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चला ‘बॅकग्राउंड अँड ऑब्जेक्टिव्ह्ज’ आणि ‘इंटरप्रिटेशन अँड कन्क्लुजन्स’ लागतात, दुसऱ्याला आणखी काही. पबमेडवर हे वेगवेगळे मथळे मागच्या बाजूला पाच ठरलेल्या गटांत जोडलेले असतात, त्यामुळे नाव कोणतंही असलं तरी शोधणाऱ्याचं अडत नाही.

पाठवण्याआधी बायोस्टॅट सरांनी सांगितलेली तपासणी कागदावर करा. ॲब्स्ट्रॅक्टमधल्या प्रत्येक आकड्याभोवती पेन्सिलने गोल, आणि शेजारी पेपरातल्या तक्त्याचा क्रमांक. ज्या गोलाला क्रमांक मिळत नाही तो आकडा एकतर तक्त्यात येतो नाहीतर ॲब्स्ट्रॅक्टमधून जातो. हे काम तुम्ही स्वतः करू नका, मैत्रिणीला सांगा. आपला आकडा आपल्याला पाठ असतो, म्हणून डोळा त्यावरून घसरतो.

शाळांची नावं नकोत. जिल्हा, शाळा शासकीय की अनुदानित, निवासी, मुलींच्या की मिश्र, एवढं पुरे. ‘कुठे’ या मथळ्याला नाव नको असतं, परिस्थिती हवी असते: स्वयंपाक शाळेतच होतो का, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब. एथिक्स कमिटीला तुम्ही गोपनीयतेचं जे लिहून दिलंय ते तर पाळायचंच आहे.

मुख्याध्यापकांसाठी मराठीत जरूर लिहा, आणि लवकर लिहा, पेपर छापून यायची वाट न बघता. मात्र जर्नल ‘छापण्याआधी निष्कर्ष जाहीर करू नका’ असं म्हणत असेल, तर हे फक्त त्या शाळांपुरतं आहे असं संपादकांना कळवून ठेवा. मथळे ठेवा, क्रम बदला. सगळ्यांत वर ‘काय आढळलं’, टक्क्यांत नको, दर दहा मुलींमागे किती असं. त्याखाली ‘शाळेत काय करता येईल’: निळी गोळी आठवड्याच्या कोणत्या दिवशी, जेवणानंतर, शिक्षिकेच्या समोर, जंताच्या गोळीचा दिवस, जेवण आणि चहा यांत अंतर. मग ‘आम्ही काय तपासलं’ दोन ओळींत. शेवटी ‘हे कोणाला विचारायचं’ आणि तिथे आरोग्य केंद्राचं नाव. बॅकग्राउंड लागणार नाही, त्या मुली रोज त्यांच्या डोळ्यांसमोर आहेत.

ज्यांचं हिमोग्लोबिन आठच्या खाली निघालं त्या मुलींची नावं या कागदावर येता कामा नयेत. त्यांना आणि त्यांच्या पालकांना तपासणीच्या वेळीच सांगून आरोग्य केंद्रात पाठवलं असेल, तरी त्यातल्या कोण प्रत्यक्ष पोचल्या हे वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे फोन करून एकदा विचाराच. त्याचं उत्तर येईपर्यंत ॲब्स्ट्रॅक्ट थांबला तरी चालेल.